लँगॉलेनच्या कालव्यावरून आल्यावर

लेस्टर
८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल घरी गणपती बसले. आई, उकडीचे मोदक तुझ्या मापानेच केले, वाटीला वाटी पाणी आणि चमचाभर लोणी. पारी फुटली नाही. दुर्वा आमच्याच परसातल्या. गौरी मंगळवारी, तेव्हा मुलींच्या शाळेमुळे थोडी ओढाताण होणार आहे, पण करीन सगळं.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढा मोठा कालवा आणि शेताला एक चारी नाही? मग त्या पाण्याचं करतात काय?" मी सांगायला लागले आणि फोन तुटला. पुन्हा लावला तर तुम्ही झोपला होतात. मग म्हटलं, हे फोनवर सांगायचं नाहीच, लिहून कळवायचं. तुम्हाला दारं, झडपा, पातळी असं सगळं क्रमाने लागतं, आणि मी आठवडाभर तुमच्यासाठीच वहीत टिपून ठेवत होते.

आम्ही २४ ऑगस्टच्या शनिवारी चेशर परगण्यातल्या रेनबरी गावातून बोट घेतली, वेल्समधल्या लँगॉलेनपर्यंत जायला. वल्ह्याची होडी नव्हे, इंजिनाची लोखंडी बोट. लांबी ५७ फूट आणि रुंदी फक्त ६ फूट १० इंच. म्हणजे एसटीपेक्षा अरुंद आणि लांबीला तिच्या दीडपट. आत एकामागे एक खोल्या: बसायची जागा, गॅसची शेगडी, न्हाणी, दोन बिछाने. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना दोघं समोरासमोर आले की एकाने अंग चोरायचं. ही रुंदी कुणाच्या लहरीने ठरलेली नाही. १७६० नंतर जेम्स ब्रिंडली नावाच्या माणसाने मधल्या इंग्लंडचे कालवे आखले तेव्हा लॉक, म्हणजे बोट वरखाली चढवायचे दारांचे हौद, सात फूट रुंदीचे बांधले. खोदाई कमी, बांधकाम कमी आणि दर वेळी लागणारं पाणीही कमी. तेव्हापासून बोट त्या मापाची.

वेगाची मर्यादा तासाला चार मैल. काठाला दुसरी बोट बांधलेली असली की त्याहूनही हळू, नाहीतर आपल्या लाटेने तिचे दोर ताणले जातात. मागे उभं राहून सुकाणूचा दांडा धरायचा. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, आणि तीही लगेच नाही, चार-पाच श्वासांनंतर. पहिल्या दिवशी जावयांनी एका वळणावर बोट गाळात रुतवली. लांब बांबूने रेटून काढली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना ते असं जमलं की दांडा मला मागून घ्यावा लागायचा. थोरली काठाने चालत होती आणि पुष्कळदा आमच्या पुढे असायची. थांबून ब्लॅकबेरी तोडायची, ओंजळभर झाल्या की पुढच्या पुलाखाली बोटीत टाकायची. ऑगस्टअखेर या काटेरी झुडपांना काळी फळं लगडतात, करवंदांच्या दिवसांत आपल्या डोंगरांवर असतात तशी. दोघी पोरींचे हात आणि जिभा जांभळ्या.

आता लॉक. कालवा चढावर न्यायचा तर पाण्याच्या पायऱ्या कराव्या लागतात. एकेक पायरी म्हणजे दगडी बांधलेला अरुंद हौद, वर एक दार, खाली दोन. खालची दोन दारं एका रेषेत मिटत नाहीत, चढाच्या दिशेला टोक करून मिटतात, म्हणजे वरचं पाणी जितकं दाबेल तितकी ती घट्ट बसतात. दारांच्या पोटात आणि बाजूच्या भिंतीत झडपा असतात. आपल्या चारीच्या तोंडाला असते ना वरखाली सरकणारी, अगदी तशी, दातेरी पट्टीवर चढणारी. तिला इथे पॅडल म्हणतात आणि ती फिरवायचं हँडल प्रत्येक बोटीवर असतं. तुम्ही गेटची चावी कमरेला लावून निघायचात, तसं मी ते हँडल आठवडाभर पट्ट्यात खोचून फिरले.

वर जाताना रिकाम्या हौदात बोट घ्यायची. दोन्ही बाजूंना ओल्या, शेवाळलेल्या भिंती, वर आकाशाची पट्टी. मागची दारं मिटायची आणि वरची झडप हळूहळू उघडायची. एकदम उघडली तर पाणी उसळून बोट भिंतीवर आपटते. पाणी येतं, बोट चढत जाते, आणि पाच-सात मिनिटांत समोर शेत दिसायला लागतं, गाई दिसतात. दोन्हीकडची पातळी एक होईपर्यंत वरचं दार हलत नाही. मी पाठीने रेटून पाहिलं. पातळी एक झाली की तेच दार धाकटीच्या ढकलण्याने सरकतं. एका वेळी लाखभर लिटरच्या वर पाणी वरून खाली जातं. रेनबरीपासून लँगॉलेनपर्यंत असे बारा लॉक.

त्यातले सहा ग्रिंडली ब्रुक नावाच्या एकाच जागी आहेत आणि त्यांतले वरचे तीन एकमेकांना जोडलेले. खालच्या हौदाचं वरचं दार तेच वरच्या हौदाचं खालचं. इथे चूक झाली तर एक हौद कोरडा पडेल आणि दुसरा ओसंडेल, म्हणून हंगामात तिथे लॉककीपर असतात. आम्ही पोचलो तो रविवार, सोमवारची सुट्टी जोडून आलेली, त्यामुळे रांग होती. ड्यूटीवरचे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. काम बिनपगारी, आपखुशीने करणारे. आधी वरून तीन बोटी उतरवल्या, मग खालून तीन चढवल्या. प्रत्येक झडप उघडताना ते दाराच्या फळीवर हात ठेवून पाण्याचा आवाज ऐकत आणि त्यावरूनच "अजून दोन दाते" असं मला सांगत.

बाबा, मला तिथे एकदम निंबूतची चौकी आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. रात्रीच्या पाळीला तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून नेलं होतंत. गेटपाशी बॅटरी विझवलीत आणि म्हणालात, "ऐक. हे दीड फुटाचं पाणी नाही, कुणीतरी वर फोडलंय." तसंच निघालं. मी त्या गृहस्थांना सांगितलं की माझे वडील नीरा डाव्या कालव्यावर एकतीस वर्षं कालवा निरीक्षक होते. त्यांना तो कालवा कुठला ते माहीत नव्हतं, पण १८८५ चा आहे आणि अजून रोज शेतं भिजवतो म्हटल्यावर त्यांनी हँडल खाली ठेवलं आणि विचारलं, "दारं लाकडाची की लोखंडाची?" मागे बोटी थांबल्या होत्या तरी मी उत्तर पूर्ण दिलं.

संध्याकाळी मनाला येईल तिथे थांबता येतं. काठावर दोन लोखंडी खुंट्या ठोकायच्या, बोट दोरांनी बांधायची, बैल बांधतो तशी. मग चूल. मी गोडा मसाला, मेतकूट, भाजणी सगळं नेलं होतं. एका संध्याकाळी पिठलं आणि तांदळाची भाकरी केली. तिथली शेगडी बारीक, त्यामुळे भाकरी फुगायला वेळ लागला, पण फुगली. दार उघडं ठेवून जेवलो. बाहेर बगळ्याएवढा राखी पक्षी एका पायावर उभा, आपल्या नदीवर असतो तोच राखी बगळा. खंड्याही दोनदा दिसला, निळी रेघ ओढल्यासारखा पाण्यावरून गेला. एल्समियरजवळ कालव्याला लागून तळी आहेत, हिमयुगातल्या बर्फाने मागे ठेवलेली. झाडं इतकी दाट की एका बाजूला कालवा आणि पानांआड दुसऱ्या बाजूला ते तळं, दोन्ही पाणी एकाच उंचीवर शांत.

पण हा कालवा सुट्टीसाठी खणलेला नाही, हे रोज दिसत राहतं. एका पुलाच्या कोपऱ्याला दगडात बोटभर खोल चरे पडले होते. आपल्या जुन्या विहिरीच्या काठावर नाड्याने पडतात तसे. इथे ते बोट ओढणाऱ्या घोड्याच्या दोराचे. इंजिन येण्याआधी काठावरून घोडा चालायचा आणि एकटा घोडा पाण्यावरचे तीस टन ओढायचा. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने १७६१ मध्ये आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरच्या दिशेने असाच कालव्याने न्यायला सुरुवात केली आणि शहरातला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग सगळ्या देशात कालवे खणण्याची लाट आली. खणणारे हात फावड्यांचे, यंत्रं नव्हती.

पुढे रेल्वे आली, भाडं घटलं, आणि घर ठेवणं परवडेना म्हणून नावाडी बायकापोरांसह बोटीवरच राहायला आले. मागच्या टोकाला दहा फूट लांबीची खोली, तेवढ्यात चूल, बिछाना आणि चार-पाच मुलं. बाकी सगळी बोट मालासाठी. त्या खोलीच्या दारांवर त्यांनी गुलाब आणि किल्ले रंगवले, पितळ घासून लखलखीत ठेवलं, खिडकीला लेस लावली. मुलांना शाळा नाही, कारण बोट थांबत नाही. १८७७ मध्ये अशा बोटींची नोंदणी करायचा कायदा झाला, तरी पुष्कळ मुलं अक्षरओळखीशिवाय मोठी झाली. मला सोमेश्वरच्या कारखान्यावर येणारी बीडकडची ऊसतोड कुटुंबं आठवली. कोपीवर लावलेला देवाचा रंगीत फोटो, घासूनपुसून ठेवलेला हंडा. माझ्या वर्गात दिवाळीनंतर यायच्या आणि होळीनंतर दिसेनाशा व्हायच्या त्या दोघी बहिणी. आई, तू त्यांना माझे फ्रॉक दिले होतेस. थोरलीला हे सगळं सांगितलं. तिने बराच वेळ काही विचारलं नाही, मग म्हणाली, "त्या आता कुठे असतील?" मला सांगता आलं नाही.

मंगळवारी सकाळी वेल्सची हद्द लागली. हद्द म्हणजे चर्कचा जलसेतू, कालवाच नदीवरून नेणारा पूल. १८०१ चा, दगडी कमानींचा, खाली सत्तर फुटांवर नदी आणि शेजारी त्याहून उंच रेल्वेचा पूल. तो ओलांडला की लगेच बोगदा, सव्वाचारशे मीटरचा. डोक्यावर पाणी ठिबकतं, पलीकडचा उजेड नाण्याएवढा. अंधारात धाकटीने माझा हात धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

आणि दुपारी पॉन्टकसल्ते, दुसरा जलसेतू. बाबा, हे नीट लिहिते.

डी नावाची नदी खोल दरीतून वाहते. कालव्याला तिच्यावरून पलीकडे जायचं होतं. लॉकने दरीत उतरायचं आणि पुन्हा चढायचं म्हटलं तर पाणी पुरलं नसतं आणि प्रत्येक बोटीचा दिवस मोडला असता. विल्यम जेसप आणि थॉमस टेलफर्ड या दोघांनी ठरवलं की कालवाच दरीवरून न्यायचा, पण दगड-मातीच्या जड पाटातून नव्हे, बिडाच्या पत्र्यांच्या पन्हाळीतून. १७९५ ला काम सुरू झालं, २६ नोव्हेंबर १८०५ ला पाण्यावरून बोट गेली. अठरा दगडी खांब, ३०७ मीटर लांबी, नदीपासून उंची ३८ मीटर. खांब सत्तर फुटांपर्यंत भरीव आणि त्याच्या वर पोकळ, म्हणजे वजन हलकं. चुन्यात बैलाचं रक्त घातलं होतं असं सांगतात. तुम्ही भाटघरच्या चुन्यात गूळ आणि बेलफळ घातल्याचं सांगायचात ते मला तिथे उभ्या उभ्या ऐकू आलं.

पन्हाळ जेमतेम पावणेबारा फूट रुंद. त्यातला एका बाजूचा भाग चालायच्या वाटेखाली जातो, वाटेला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पत्र्याची कड पाण्याच्या वर वीतभर आणि तिच्यापलीकडे थेट हवा. मी सुकाणूवर होते. उजव्या हाताला माणसं चालत होती, डावीकडे मान वळवली तर खाली झाडांचे शेंडे आणि त्यांच्यामधून दगडांवर फेसाळणारी नदी. बोट दिसत नाही, पाणी दिसत नाही, आपण तेवढे दिसतो. पाण्याचा प्रवाह समोरून येतो आणि पन्हाळ अरुंद, म्हणून इंजिन कितीही वाढवलं तरी बोट रांगतच जाते. जावई पुढच्या टोकाला दोघींना धरून बसले होते. कुणी बोललं नाही. मला भीती वाटली, आणि तितकाच आनंदही झाला. दोनशे वर्षांपूर्वी माणसांनी इतक्या उंचीवर पाणी धरलं आणि ते अजून तिथेच आहे, थेंब न थेंब. मध्यभागी तळाला एक बूच आहे. काही वर्षांनी दोन्ही टोकं बंद करून ते काढतात, सगळं पाणी नदीत कोसळतं आणि मग पत्रे तपासतात. तुमच्या कालव्याची मार्चमधली दुरुस्ती आठवा, तेच. २००९ पासून हा पूल आणि त्याच्या लगतचा अकरा मैल कालवा जागतिक वारसा आहे.

पुढे लँगॉलेनपर्यंत कालवा डोंगराच्या कडेने जातो आणि काही ठिकाणी इतका निमुळता की समोरून बोट आली तर मागे जाणंच भाग. म्हणून थोरलीला पुढे चालत पाठवलं, वळणापलीकडून तिने फोनवर "या" म्हटलं की आम्ही निघायचो. तिला ते काम फार आवडलं. लँगॉलेनला धक्क्यावरून आजही घोड्याने ओढलेल्या बोटी निघतात, १८८४ पासून. त्याच्या वर इंजिनाच्या बोटींना मज्जाव आहे.

म्हणून बुधवारी सकाळी आम्ही चालत गेलो, दोन मैल, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. वाटेच्या शेवटी नदीवर अर्धचंद्राकृती बंधारा लागतो, घोड्याच्या नालेसारखा. टेलफर्डनेच बांधलेला. सगळ्या कालव्याचं पाणी इथून आत येतं. तोंडाशी एक लहानशी बंद खोली आहे, तिथे आत जाणारं पाणी मोजतात. मोजतात कारण ते विकलेलं आहे. १९४४ मध्ये संसदेने या भागातले कितीतरी कालवे कायद्याने सोडून दिले, त्यांतले काही आज गवताखाली आहेत. लँगॉलेनच्या कालव्यावरही बोटी उरल्या नव्हत्या. पण त्यातून नदीचं पाणी वाहत चेशरमधल्या हर्लस्टनच्या साठ्यात जात होतं आणि तिथून लोकांच्या नळांना. १९५५ मध्ये पाणीपुरवठा मंडळाशी करार झाला आणि कालवा वाचला. सहलीच्या बोटी नंतर आल्या. म्हणजे बाबा, शेताला चारी नाही हे खरं, पण हा कालवा टिकला तो पाण्याच्या पाळीमुळेच. इतर कालव्यांना प्रवाह जवळजवळ नसतो. याला आहे, पाटासारखा. पाण्यात पान टाकलं की ते निघतं.

मी त्या खोलीच्या भिंतीला हात लावून उभी राहिले. दार बंद होतं, आतून पाण्याचा आवाज येत होता. तुम्ही शेजारी असतात तर कान लावून आकडा सांगितला असतात.

परतीला प्रवाह पाठीशी होता, त्यामुळे लवकर आलो. एका लॉकवर हँडल माझ्या हातून निसटून पाण्यात गेलं, मागच्या बोटीतल्या बाईंनी दोराला बांधलेल्या लोहचुंबकाने दहा मिनिटांत काढून दिलं. त्यांना भाजणीचं थालीपीठ दिलं. त्यांनी कृती लिहून घेतली.

बाबा, पासपोर्टची मुदत फेब्रुवारीत संपते, दादाला सांगून आत्ताच अर्ज करा. मे महिन्यात या, दोघंही. बोटीवर पायऱ्या तीनच आहेत, आईचे गुडघे दुखणार नाहीत. वीर धरण भरलं का, आणि खरिपाची पाळी कधी सुटली तेही कळवा.

आणि एक हिशोब पाठवते. एका लॉकच्या जुन्या लाकडी दाराच्या सांध्यातून धार येत होती, मनगटाएवढी. आम्हाला थांबायचंच होतं, म्हणून पुढच्या टोकावरून बादली धरली. बादली दहा लिटरची. तीनदा भरली: चार सेकंद, चार सेकंद, साडेचार. किती क्युसेक होतात ते सांगा. मी काढलंय, पण तुमचं उत्तर आल्यावर जुळवून बघेन.

तुमची,
ताई